आधी नाला, मग नदी: पंचगंगेकाठच्या गावांसाठी कामाची पद्धत

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती प्रयाग चिखलीत एकत्र येतात, तिथपासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळेपर्यंत पंचगंगा बंधाऱ्या-बंधाऱ्यानं अडवलेली आहे. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता येणाऱ्या फळ्या, बसतात आणि वाहती नदी जूनपर्यंत तळ्यांची माळ होऊन राहते. साचलेल्या पाण्याला स्वतःला शुद्ध करायला ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून गावातून आलेली घाण पुढच्या गावाच्या उंबऱ्याशी तशीच पडून राहते. घाटावर दोन-तीनशे माणसं जमवून जलपर्णी काढली आणि वरचा नाला तसाच सुरू ठेवला, तर महिन्याभरात पाणी पुन्हा हिरवं दिसतं. जलपर्णीला खत तो नालाच पुरवतो.

त्यामुळं काम नाल्याच्या तोंडापासून सुरू करा. आणि तोंडाशी सुद्धा पहिल्या दिवशी फावडं नको, वही आणि घड्याळ न्या.

नाला चालून बघणं

मार्च ते मे हा योग्य काळ. पावसाचं पाणी नसतं, त्यामुळं जे वाहतं ते सगळं माणसांनी सोडलेलं असतं. चार जणांची तुकडी पुरते: एक मोजणारा, एक लिहिणारा, एक फोटो काढणारा आणि चौथा त्या गल्लीतलाच कुणीतरी. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा. कुठल्या बोळातून रात्री पाइप सुटतो, कुठल्या गॅरेजचं तेल कुठं जातं, हे त्याला माहीत असतं आणि त्याच्यामुळं दारं उघडतात. तोंडाकडून उगमाकडं चाला. नाल्याला मिळणाऱ्या प्रत्येक गटाराला, पाइपला ऑइलपेंटनं क्रमांक टाका, मोबाइलवर जागेची नोंद करा. ताशी अर्धा किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं गेलात तर काठच्या झुडपातले पाइप सुटतील.

प्रत्येक तोंडाशी चार गोष्टी लिहा: रंग, वास, फेस, आणि पाणी कोमट आहे का. पाण्यात हात घालून बघू नका, थर्मामीटर वापरा. घरगुती सांडपाणी करडं असतं. कपड्याच्या प्रक्रियेचं पाणी रंगीत आणि बऱ्याचदा गरम असतं. मळीचं पाणी, म्हणजे साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल काढताना उरलेलं, काळपट तांबूस दिसतं आणि त्याला आंबूस, जळक्या काकवीसारखा वास येतो. गोठ्यातलं पाणी हिरवट.

पाणी किती, ते मोजायचं कसं

पाइप असेल तर 15 लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. उघड्या नाल्यासाठी सरळ, न अडखळणारा 10 मीटरचा तुकडा निवडा. दोन्ही टोकांना दोरी बांधा. तीन-चार ठिकाणी रुंदी आणि खोली मोजून सरासरी काढा. मग लिंबू किंवा अर्धी पाण्यानं भरलेली बाटली सोडा. थर्माकोलचा तुकडा चालत नाही, तो वाऱ्यानं पळतो. पाच वेळा सोडून सरासरी घ्या. वरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या वेगाला 0.8 नं गुणायचं.

समजा नाला अर्धा मीटर रुंद, 8 सेंटिमीटर खोल आणि लिंबाला 10 मीटर जायला 50 सेकंद लागले. वेग 0.2 मीटर, गुणून 0.16. त्याला 0.5 आणि 0.08 नं गुणलं की 0.0064 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 6.4 लिटर. हा सकाळी सातचा आकडा असेल तर तो दिवसाचा समजू नका, त्या वेळी सगळं गाव मोऱ्यांवर असतं. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि पहाटे तीन अशी चार मोजमापं घ्या, तीही तीन वेगवेगळ्या दिवशी. त्यातला एक दिवस बाजाराचा असू द्या.

आता पडताळणी. 4,000 वस्तीच्या गावात माणशी 55 लिटर पाणी येत असेल तर त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं: दिवसाला 1 लाख 76 हजार लिटर. म्हणजे सेकंदाला सरासरी दोन लिटर. तुमची सरासरी याच्या आसपास आली तर नाला घरांचा आहे. दुप्पट-तिप्पट आली तर आणखी कुणीतरी पाणी सोडतंय. पहाटे तीनचं मोजमाप याचसाठी. त्या वेळी नितळ पाणी वाहत असेल तर नळाची लाइन फुटलेली आहे किंवा झरा आहे. रंगीत किंवा वासाचं असेल तर दोन-तीन रात्री तिथं लक्ष ठेवा, पण एकट्यानं नको.

पाणी किती वाईट आहे

नदीच्या पाण्यात अंघोळ करता यावी यासाठीचं मानक लक्षात ठेवा: विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी 3 मिलिग्रॅमपर्यंत, सामू (पीएच) 6.5 ते 8.5, आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 100 मिलिलिटरमध्ये 500 पर्यंत, कमाल 2,500. बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातील याचं माप.

ऑक्सिजन आणि सामू गावातल्या विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीनं किटवर तपासता येतो. बाटली पाण्यात बुडवून हळू भरा, आत एकही बुडबुडा राहू देऊ नका आणि रसायनाचे पहिले दोन डोस जागेवरच टाका. बाटली घरी नेऊन मग टाकले तर आकडा खोटा येतो. वेळ तितकीच महत्त्वाची. दुपारी दोन वाजता हिरव्या शेवाळी पाण्यात ऑक्सिजन भरपूर दिसतो, कारण शेवाळ उन्हात तो तयार करत असतं. रात्री तेच शेवाळ तो खातं. मासे मरतात ते पहाटे. म्हणून नमुना सूर्योदयाच्या आधी घ्या.

बीओडी आणि जिवाणूंसाठी प्रयोगशाळाच हवी. बाटली काठोकाठ भरून बर्फाच्या डब्यात, सहा तासांच्या आत पोचवा. जिवाणूंची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्या. नमुने तीन जागी घ्यायचे: नाल्याच्या वर 100 मीटर, नाल्याच्या तोंडात, आणि खाली 500 मीटर. नाल्याचं पाणी बरंच अंतर काठ धरून जातं, लगेच मिसळत नाही. काठावरून घेतलेला खालचा नमुना नदीपेक्षा वाईट आणि समोरच्या काठाचा नमुना चांगला येतो. पुलावरून दोरीनं मधोमध नमुना घेणं त्यापेक्षा खात्रीचं.

मग भार काढा, म्हणजे दिवसाला किती किलो बीओडी नदीत जातो ते. सेकंदाला दोन लिटर, म्हणजे दिवसाला 173 घनमीटर पाणी आणि बीओडी 200 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 35 किलो. प्रत्येक तोंडाचा असा आकडा काढून भारी ते हलकं अशी यादी करा आणि वरून कामाला लागा. वास सगळ्यात जास्त कुठं येतो यावरून क्रम लावला की बहुतेक वेळा चुकतो: थोडं पाणी साचून कुजलं की घाण वास मारतं, आणि मोठा भार वाहून नेणारा नाला वाहता असल्यानं गुपचूप जातो. या हिशेबातच कळतं की मळीचं कच्चं सांडपाणी इतकं का झोंबतं. त्याचा बीओडी 40,000 च्या घरात असतो. 10 हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात मोकळा केला तर 400 किलो भार पडतो, म्हणजे वरच्यासारख्या अकरा-बारा गावांचा दिवसभराचा.

घराच्या मोरीपाशी थांबतं ते सगळ्यात स्वस्त

नांदेड पद्धतीचा शोषखड्डा आता महाराष्ट्रभर माहीत आहे: 4 फूट लांब, 4 रुंद, 4 खोल, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती खाली मोठे आणि वर लहान दगड. रोजगार हमीतून तो करता येतो. पण पंचगंगेकाठी तो सरसकट चालत नाही, आणि इथंच गावं फसतात. काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही. खड्डा दोन महिन्यांत तुंबतो, मोरीचं पाणी दारात येतं आणि माणूस पाइप पुन्हा गटारात सोडतो.

म्हणून खणण्याआधी चाचणी करा. खड्ड्याच्या जागी फूटभर रुंद, तीन फूट खोल भोक पाडा, पाण्यानं भरून रात्रभर भिजू द्या. सकाळी सहा इंच पाणी घालून एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा करा. अर्धा ते एक तास लागला तर खड्ड्याऐवजी लांब, उथळ, खडीचा चर करा. त्याहून जास्त लागला तर मुरवण्याचा नाद सोडा आणि ते पाणी परसातल्या केळी, आळू, कर्दळीला द्या किंवा गावाच्या शेवटी शुद्ध करा. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दोन मीटर वर हवा आणि पिण्याच्या विहिरीपासून 18 मीटर लांब. चिखली, आंबेवाडीसारख्या पुरात जाणाऱ्या गावांत खड्डे गाळानं भरतात. तिथं दरवर्षी पुरानंतर खड्डे उपसायचे, हे ग्रामपंचायतीच्या खर्चात आधीच धरा.

मोरी आणि खड्डा यांच्यामध्ये तेल-खरकटं अडवणारी दीड-दोन फुटांची टाकी हवीच. आपल्याकडच्या रश्श्याचा कट पाइपात गेला की दगडांवर साय धरतो आणि खड्डा मरतो. ही टाकी आठवड्याला साफ करावी लागते. हे काम कुणाचं, ते घरातल्या बाईवर न ढकलता आधी ठरवा. शौचालयाचं पाणी या खड्ड्यात कधीच सोडू नका. सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो गटारात सोडलेली घरं स्वतंत्र मोजा आणि त्यांना आधी हाताळा, जिवाणूंचा बहुतेक भार तिथून येतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला की काय होतं, हे या पट्ट्यातल्या माणसांना वेगळं समजवावं लागत नाही.

नाल्याच्या शेवटी पाणथळ वाफा

जे उरतं त्यासाठी खडीचा आणि वनस्पतींचा वाफा. वीज लागत नाही, देखभाल लागते.

आधी जाळी: 20 ते 25 मिलिमीटर फटीचे लोखंडी गज, 45 ते 60 अंशांत तिरके. उभे लावले तर दाताळ्यानं ओढून कचरा काढता येत नाही. कोंबडीची जाळी किंवा चेनलिंक लावू नका, पहिल्याच दिवशी पिशव्यांनी बंद होते आणि पाणी घरात शिरतं.

त्यापुढं गाळ बसायची टाकी. गर्दीच्या वेळचा प्रवाह सेकंदाला 6 लिटर असेल तर तीन तासांचं पाणी मावेल अशी, म्हणजे साधारण 65 घनमीटर: 9 मीटर लांब, 3.6 रुंद, 2 खोल. काठीला पांढरं फडकं गुंडाळून महिन्याला गाळ मोजा. तो एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की उपसा. आत माणूस उतरवायचा नाही, विषारी वायूनं जीव जातो. पंपानं किंवा उपसा गाडीनंच काढायचा.

वाफ्याचं क्षेत्र असं काढा: दिवसाचं पाणी 173 घनमीटर, दोन दिवस मुक्काम, खडीतली पोकळी 40 टक्के. 173 ला 2 नं गुणून 0.4 नं भागलं की 865 घनमीटर. खोली 60 सेंटिमीटर धरली तर सुमारे 1,440 चौरस मीटर, म्हणजे सव्वाचौदा गुंठे. हा पहिला अंदाज आहे, अंतिम आराखडा अभियंत्याकडूनच करून घ्या. जागा गायरानात शोधा आणि शेजारी-शेजारी दोन किंवा तीन वाफे करा. एक वाळवत ठेवून दुसरा चालवता येतो. तळाला घट्ट कुटलेली चिकण माती किंवा जाड प्लास्टिक, उतार शंभराला एक. पाणी शिरतं आणि निघतं त्या दोन्ही टोकांना मीटरभर 40 ते 60 मिलिमीटरचे दगड, मध्ये 10 ते 20 मिलिमीटरची खडी. खडी धुऊन घ्या. क्रशरची भुकटी तशीच राहिली तर वाफा सहा महिन्यांत बसतो, आणि ती भुकटी काढायला सगळी खडी उपसावी लागते. कर्दळ, पाणकणीस, वाळा, चौरस मीटरला चार रोपं. पहिला महिना निम्मंच पाणी सोडा. पाण्याची पातळी खडीच्या खाली 5 ते 10 सेंटिमीटर राहिली पाहिजे. वर दिसली की डास. आणि जलपर्णी वाफ्यात लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

बिघाड जवळजवळ नेहमी तोंडाकडच्या पहिल्या पाव हिश्श्यात होतो, तिथं गाळ साचतो आणि पाणी वर येतं. कारण वाफ्यात नसतं, न उपसलेल्या टाकीत असतं. दुसरी चूक म्हणजे पावसाचं पाणी वाफ्यात घेणं. टाकीच्या आधी बगल द्या: सरासरीच्या तिपटीवर प्रवाह गेला की उरलेलं पाणी बाजूनं निघून जाईल अशी.

जागा ठरवताना पाटबंधारे खात्याची पूररेषा बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होत नाही, आणि 2019 व 2021 चा पूर पाहिलेल्या माणसाला त्याचं कारण सांगायला नको. जागाच मिळत नसेल तर नाल्यात दगडांच्या जाळ्या लावून नोव्हेंबर ते मे असा तात्पुरता वाफा करता येतो. त्यातून कमी सुधारणा होते, आणि 1 जूनच्या आत तो काढावाच लागतो.

पैशाचं: स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी 5,000 पर्यंतच्या गावाला माणशी 280 रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला 660 रुपये धरले होते, त्यातला 30 टक्के हिस्सा वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीनं घालायचा होता. ग्रामसभेच्या ठरावात वाफ्याच्या बांधकामाबरोबर पुढच्या पाच वर्षांची देखभाल, माणसाचा पगार आणि गाळ उपसण्याचा खर्च लिहून घ्या. बांधकामाला उद्घाटन मिळतं, उपशाला कुणी येत नाही.

जलपर्णी काढायची तर जानेवारीत

ती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. जानेवारीच्या सुरुवातीला 10 गुंठे असेल तर मार्चअखेर 16 एकर. एप्रिलमध्ये मोठी मोहीम घेण्यापेक्षा जानेवारीत मंडळाच्या वीस पोरांचे चार रविवार जास्त काम करतात. फुलं येण्याआधी काढा, बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वरून खाली सरकत या, बंधाऱ्याच्या वर रिकाम्या बंद पिंपांची माळ दोरानं आडवी बांधा, म्हणजे सुटलेली रोपं एका जागी जमतात. बर्गे काढून ती पुढं ढकलणं म्हणजे तेरवाड-शिरोळच्या माणसांच्या दारात आपला कचरा टाकणं. तणनाशक तर नकोच: मेलेली जलपर्णी तळाला कुजते, ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

काढलेला ढीग काठावर सोडला तर त्याचा रस पुन्हा नदीतच उतरतो. 30 मीटर तरी आत न्या, तीन-चार दिवस सुकवा, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मग तुकडे करून जलपर्णी, उसाचं पाचट आणि शेण असे थर द्या. ढीग मीटरभर उंच, दीड मीटर रुंद, पंधरा दिवसांनी पलटी, दोन-अडीच महिन्यांत खत. औद्योगिक वसाहतीच्या किंवा रंगाच्या पाण्याखालच्या पट्ट्यातली जलपर्णी धातू शोषून घेते, तिथलं खत तपासल्याशिवाय भाजीला नाही.

पाण्यात उतरणाऱ्याला गमबूट, हातमोजे, लाइफजॅकेट. पायाला जखम असेल त्यानं काठावरच काम करायचं, लेप्टोची (उंदीर-गुरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या तापाची) भीती खरी आहे. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं आवर्जून सांगा.

मासे मेले तर पहिले काही तास

पहिला वळीव गटारं धुऊन आणतो, किंवा बर्गे काढताना तळचं काळं पाणी सुटतं, किंवा कुणीतरी वर सोडलेलं असतं. कोणतं, ते काही तासांतच कळतं. लगेच ऑक्सिजन मोजा, वरच्या दिशेनं चालत जा आणि मेलेले मासे कुठं थांबतात ते बघा, उगम त्याच्या आसपास असतो. दोन लिटरचा नमुना बर्फात ठेवा, तारीख-वेळेसह फोटो काढा, तलाठी किंवा पोलीस पाटलांसमोर पंचनामा करा. कोर्टात टिकतो तो प्रदूषण नियंत्रण मंडळानं 1974 च्या जल कायद्याच्या पद्धतीनं घेतलेला नमुना, म्हणून त्यांच्या कोल्हापूर कार्यालयाला त्याच तासात फोन आणि पाठोपाठ ईमेल करा. कारवाई झाली नाही तर हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, आणि तिथं तुमच्या तीन वर्षांच्या मोजमापाच्या वह्या सगळ्यात जास्त बोलतात. कोल्हापूर शहरातल्या तालीम मंडळांनी जयंती, दुधाळी नाल्यांवर हेच करावं: उपसा पंप बंद पडून पाणी बांधावरून नदीत गेलं की तारीख, सुरू वेळ, बंद वेळ लिहून ठेवावी.

मंडळं, बचत गट आणि फळा

एका तोंडाला एक मंडळ किंवा एक बचत गट, असं वाटप करा. सगळ्या गावाला मिळून एक नाला दिला की तो कुणाचाच राहत नाही. महिन्याचे आकडे चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर फळ्यावर लिहा: तोंडाचा क्रमांक, प्रवाह, ऑक्सिजन, मंडळाचं नाव. शेजारच्या गल्लीच्या मंडळापेक्षा आपला आकडा वाईट दिसणं कोल्हापुरात कुणाला चालत नाही, ही ईर्षा कामाला लावा.

म्हशी धुणाऱ्यांना बंदी घालू नका, आधी काठापासून लांब हौद आणि पाणी द्या, हौदाचं पाणी उसाला जाऊ द्या. गणपतीला विसर्जनासाठी गुऱ्हाळाच्या काहिली (मोठ्या कढया) घाटावर ठेवण्याची पद्धत इथं रुळलेली आहे. निर्माल्यातला दोरा, थर्माकोल, प्लास्टिक तिथंच वेगळं काढायला चार माणसं ठेवली तरच त्याचं खत होतं. काठाच्या शेतकऱ्यांशी पाच-दहा मीटरच्या पट्ट्याबद्दल बोला: वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, खाली वाळा. काठ ढासळायचा थांबतो, हे त्यांना पटतं. युरिया अडतो, हे नंतर सांगा.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नाल्यातल्या तात्पुरत्या जाळ्या आणि पिंपांची माळ काढा, टाकी उपसा, बगलेचा मार्ग मोकळा करून बघा, पेंटचे पुसट झालेले क्रमांक पुन्हा लिहा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं जाऊ लागलं की वाफ्याचं तोंड बंद करून टाका. पूर ओसरल्यावर आधी वाफ्यावरचा गाळ फावड्यानं खरवडून काढा, ओला असतानाच. वाळला की तो खडीत उतरतो.